कोणत्या भाषेत हसायचं

शुक्रवारी मांस वर्ज्य, पण अंडं चालतं. मग उकडलेलं अंडं फोडल्यावर आत पिल्लू निघालं तर? रोमच्या एका खानावळीत बसलेला एक धर्मशास्त्री या पेचात सापडतो. शेजारी बसलेला सोबती घाईने सांगतो, पटकन गिळून टाक, मालकाने पाहिलं तर कोंबडीचे पैसे लावील. शास्त्रीबुवा गिळतात, आणि मग आठवतं की आज शुक्रवार. आता ते आपल्या गुरूला पत्र लिहून विचारतात की हे पाप किती मोठं? कुणीतरी त्यांना समजावलेलं असतं की अंड्यातलं पिल्लू जन्मायच्या आधी मांसात धरत नाहीत; चीजमध्ये पडणाऱ्या किड्यांसारखंच ते. त्यावर त्यांनीच शंका काढलेली असते की किडे जलचरांत मोडतात असं एक वैद्य म्हणतो आणि मासा उपवासाला चालतो. पण पिल्लू वाढलं असतं तर पक्षी झालं असतं, त्याचं काय? हे सगळं अत्यंत गंभीरपणे, गुरूचे आशीर्वाद मागत आणि मधूनच कोलोनच्या विद्वानांची स्तुती करत लिहिलेलं आहे. पत्र खोटं आहे. असा शास्त्री नव्हता, असा शुक्रवारही कुणाच्या आयुष्यात आला नव्हता. पण १५१७ साली हे पत्र छापून बाहेर पडलं तेव्हा वाचणाऱ्यांना तो माणूस आपल्या ओळखीचा वाटला.

या पत्रसंग्रहाचं नाव ‘एपिस्तोले ऑब्स्क्युरोरुम व्हिरोरुम’, म्हणजे अप्रसिद्ध किंवा अंधारातल्या माणसांची पत्रं. पहिला भाग १५१५ साली आला, दुसरा १५१७ साली. लेखकांची नावं पुस्तकावर नव्हती. पहिल्या भागाच्या मागे मुख्यतः क्रोटस रुबेआनस होता आणि दुसऱ्यामागे उलरिख फॉन हुटेन, असं आज मानलं जातं. निमित्त पुस्तकं जाळण्याचं होतं. ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती झालेल्या योहानेस फेफरकोर्नने कोलोनच्या डॉमिनिकन साधूंच्या पाठबळावर ज्यूंचे धर्मग्रंथ जप्त करून नष्ट करावेत अशी मोहीम उघडली होती. १५०९ साली सम्राट मॅक्सिमिलियनने त्याला तसा अधिकारही दिला. योहान रॉइखलिन हा हिब्रूचा मोठा जाणकार. त्याला मत विचारलं तेव्हा त्याने लेखी सांगितलं की हे ग्रंथ जाळू नयेत, ते वाचावेत. त्याबद्दल त्याच्यावर पाखंडाचा खटला भरला गेला आणि तो वर्षानुवर्षं चालला. रॉइखलिनने आपल्याला पाठिंबा देणाऱ्या नामवंतांची पत्रं १५१४ साली प्रसिद्ध केली. नामवंतांच्या त्या पत्रांना जोड म्हणून पुढच्याच वर्षी या अप्रसिद्धांची पत्रं निघाली. ती सगळी कोलोनच्या ऑर्टविन ग्रात्सियस या खऱ्याखुऱ्या विद्वानाच्या नावे, त्याचे चेले म्हणवणाऱ्यांनी लिहिलेली.

त्यातला विनोद शुक्रवारच्या अंड्यावर थांबत नाही. तो भाषेतच भिनलेला आहे. ही पत्रं मुद्दाम वाईट लॅटिनमध्ये लिहिली आहेत. जर्मन वाक्य जसंच्या तसं उचलून शब्दांना लॅटिन प्रत्यय लावायचे, असा तो प्रकार. मराठी वाक्याला जागोजागी विसर्ग चिकटवून संस्कृत म्हणून खपवावं तसा. पहिल्याच पत्रात विद्वानांची एक पंगत बसली आहे आणि वाद रंगला आहे तो कशावर, तर ‘आमचे गुरुवर्य’ ही पदवी ज्याला लवकरच मिळणार आहे त्याला व्याकरणाने काय म्हणावं यावर. मानवतावादी, म्हणजे अभिजात ग्रीक-लॅटिन विद्येचे पुरस्कर्ते असलेल्या, या लेखकांचा हल्ला इथे होता. तुम्ही ज्या भाषेच्या जोरावर दुसऱ्यांचे ग्रंथ जाळायला निघालात ती तुम्हालाच येत नाही, मग ग्रीक आणि हिब्रूबद्दल तुम्ही काय बोलणार? पण हा मार कळण्यासाठी वाचणाऱ्याला चांगलं लॅटिन यावं लागे. ज्यांना येत नव्हतं त्यांना पत्रं खरी वाटली. टॉमस मोरने १५१६ साली इरॅस्मसला कळवलं की शहाणे गंमत म्हणून वाचतात आणि अडाणी मनापासून. आम्ही हसतो ते नुसत्या शैलीला, असं त्या अडाण्यांना वाटतं. इरॅस्मसने नंतर नोंदवलं आहे की ब्राबांतमधल्या एका डॉमिनिकन मठप्रमुखाने आपल्याच पंथाची बाजू मांडलेली समजून या पुस्तकाच्या प्रती भेट देण्यासाठी विकत घेतल्या होत्या.

हे सगळं वाचताना मराठी माणसाच्या मनात एक प्रश्न येतो, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे असं पुस्तक का झालं नाही? पंडितांचा धर्माधिकार होता, वर्ज्य-अवर्ज्याचा कीस होता, प्रायश्चित्तांची कोष्टकं होती, आणि ज्यांना हे डाचत होतं अशी संस्कृत जाणणारी माणसंही होती. तरी शास्त्र्यांच्या नावाने खोटी संस्कृत पत्रं लिहून त्यांची फजिती कुणी केली नाही. आपल्या लोकांत धाडस कमी होतं, हे उत्तर मला पटत नाही. कारण साधं आहे: पैठणच्या पंडिताचं संस्कृत वाईट नव्हतं. कोलोनच्या शास्त्र्याच्या भाषेत खोट काढता येत होती, कारण लॅटिन मध्ययुगात बदलत, घसरत, देशी भाषांत मिसळत आलं होतं आणि मानवतावाद्यांच्या हाती सिसेरोच्या लॅटिनचं माप होतं. पाणिनीच्या व्याकरणाने राखलेल्या भाषेत अशी फट नव्हती. शास्त्री शुद्ध बोलत असे, शुद्ध लिहीत असे, आणि त्याच्या अधिकाराचा पायाच ही शुद्धता होती. त्याला त्याच्या भाषेत हरवणं म्हणजे त्याच्याहून मोठा शास्त्री होणं, आणि मग माप पुन्हा त्याचंच उरतं. म्हणून आपल्याकडच्या उपहासाला त्या भाषेच्या बाहेर यावं लागलं. शुद्धता हे ज्ञानाचं प्रमाण धरावं का, हाच प्रश्न त्याला विचारावा लागला.

पैठणच्या रेड्याची कथा मी या अर्थाने वाचतो. संन्याशाची पोरं म्हणून ज्ञानदेवादी भावंडांना धर्मसभेपुढे उभं केलेलं, नावावरून टिंगल चाललेली, रस्त्याने जाणारा रेडा दाखवून कुणीतरी म्हणतो की त्याचंही नाव ज्ञाना. आणि रेडा वेद म्हणू लागतो. कथा घडली की नाही यात मला पडायचं नाही. ज्यांनी ती शतकानुशतकं सांगितली त्यांना काय म्हणायचं होतं ते मात्र स्पष्ट आहे. सर्वांभूती एकच आत्मा, हा तिचा वरचा अर्थ. पण घनपाठाचे अचूक स्वर जर रेड्याच्या गळ्यातून निघू शकतात, तर अचूक स्वर काढता येणं हे माणसाच्या थोरवीचं प्रमाण कसं ठरेल, हा प्रश्न तिच्या पोटात आहे. कोलोनच्या पत्रांत विद्वानाचा पोशाख घातलेला माणूस जनावराच्या समजेने बोलतो. पैठणच्या कथेत जनावर विद्वानाच्या स्वरात बोलतं. पहिल्या विनोदात खोटे विद्वान आणि खरे विद्वान वेगळे करता येतात. दुसऱ्यात विद्वत्तेचं प्रमाणपत्रच संपतं.

आमच्या जवळा बाजार या गावाच्या आसपास या दुसऱ्या प्रकारच्या उपहासाची दगडी खूण आहे. तालुक्याचं गाव औंढा नागनाथ, ज्योतिर्लिंगाचं ठिकाण. तिथल्या देवळात पिंडीचं दर्शन जमिनीखालच्या गाभाऱ्यात. अरुंद वाटेने, अंग चोरून, वाकूनच खाली उतरावं लागतं. आणि नंदी, जो शंकराच्या पुढ्यात असायचा, तो देवळाच्या पाठीमागे. लोक कारण सांगतात: नामदेव कीर्तनाला उभा राहिला, पुजाऱ्यांनी हुसकावलं, तो मागे जाऊन गाऊ लागला, तेव्हा देऊळच त्याच्याकडे फिरलं. याच औंढ्यात, परंपरेप्रमाणे, नामदेवाला विसोबा खेचर भेटले ते पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव चिडला. विसोबा म्हणाले, देव जिथे नाही तिथे माझे पाय ठेव. आणि पाय ठेवावे तिथे पिंड उभी राहू लागली. नरसी हे नामदेवाचं गाव मानलं जातं, तेही आमच्याच जिल्ह्यात. या कथा केवळ स्थानिक कौतुकाच्या नाहीत. १६०४ साली पंजाबात सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात नामदेवाची एकसष्ट पदं आली, आणि हाकलल्यावर देऊळ फिरल्याची हकीकत त्यांत आहे. इतक्या दूर, इतक्या लवकर ही गोष्ट पोचली ती कुणाच्या पाठांतरातून? कोलोनची पत्रं छापखान्याने पसरली आणि लॅटिन वाचणाऱ्यांपाशी थांबली. शिंप्याच्या मुलाची गोष्ट चालत चालत गेली आणि जिथे पोचली तिथल्या बोलीची झाली.

यात एकनाथांचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं, कारण त्यांच्यापुढे दोन्ही रस्ते खुले होते. पैठणच्या ब्राह्मण घरातला, सोळाव्या शतकातला हा माणूस, संस्कृताचा जाणता, देवगिरीच्या जनार्दनस्वामींचा शिष्य. शके १४९५ म्हणजे १५७३ साली भागवताच्या एकादश स्कंधावरची आपली मराठी टीका त्यांनी वाराणसीत पुरी केली. धर्मग्रंथ मराठीत आणला म्हणून तिथल्या पंडितांनी आक्षेप घेतल्याची हकीकत परंपरा सांगते. आणि टीकेत स्वतः एकनाथांनी विचारलं आहेच की एका भाषेला देवाचं कर्तृत्व म्हणता, तर दुसरीचा उगम कुठला मानता? त्यांचा मुलगा हरिपंडित संस्कृताचा अभिमानी होता आणि बापाचं मराठी निरूपण त्याला खुपत असे, असंही सांगतात. म्हणजे हा झगडा त्यांच्या घरातच होता. शास्त्र्याचं सोंग हुबेहूब वठवून चार-दोन संस्कृत पत्रं लिहिणं एकनाथांना जड नव्हतं. त्यांनी सोंगं घेतली ती भारुडांत, आणि कोणाची घेतली ते पाहावं: वासुदेव, गोंधळी, जोशी, फकीर, सासुरवाशीण, विंचू चावलेला माणूस, भूत लागलेलं झाड. महाराच्या तोंडची भारुडं तर चाळीसहून जास्त आहेत. एका संवादात ब्राह्मण महाराला माजलास का म्हणून दरडावतो. महार शांतपणे म्हणतो, बाबा, भलतं बोलू नका, आपले मायबाप एकच. दरडावणं हळूहळू विचारणं होत जातं, आणि अखेरीस तुला हे कुणी शिकवलं असं ब्राह्मणच विचारतो. महार संतांचं नाव घेतो. त्या संवादात प्रत्येक ओळीला ब्राह्मणाचा आवाज उतरत जातो. भारुड करणाऱ्याला तो उतरवावाच लागतो.

हुटेन आणि त्याच्या मित्रांनी ज्याच्यावर हसायचं त्याचाच मुखवटा घातला. एकनाथांनी घातला तो शास्त्र्याने ज्याला दाराबाहेर ठेवलं त्याचा. विरोधकाचा मुखवटा घालायला त्याच्याबद्दल माया लागत नाही. त्याची पालुपदं आणि दोष हेरले की काम भागतं. म्हणून त्या पत्रांत एक उणीव राहून गेली, आणि ती सांगितली पाहिजे. ज्यूंचे ग्रंथ वाचवणाऱ्याची बाजू घेणाऱ्या या पुस्तकात फेफरकोर्नच्या ज्यू असण्यावर आणि त्याच्या बायकोवर हलके, घाण विनोद आहेत. दुसऱ्या एका पत्रात तर शास्त्रीबुवांनी काळे झगे पाहून दोन ज्यूंना विद्वान समजून टोपी काढलेली असते, आणि हे महापाप झालं का म्हणून ते घाबरलेले असतात. हसायचं शास्त्र्याच्या भीतीवर, हे कबूल. पण रस्त्यावरच्या त्या दोघांना संपूर्ण पुस्तकात तोंड नाही. दाराबाहेरच्या माणसाचा मुखवटा घालणाऱ्याला मात्र त्याच्या तोंडी शब्द द्यावेच लागतात, आणि शब्द दिले की त्याचं ऐकून घ्यावं लागतं.

यावर पहिला आक्षेप जाणकार वारकऱ्याचाच येईल: भारुड हा उपहास नव्हे, ते रूपक आहे. विंचू म्हणजे कामक्रोध, त्यावर उतारा सत्त्वगुणाचा. यात शास्त्र्यांचा संबंध काय? आक्षेप खरा आहे, आणि मला त्याने अडचण वाटत नाही. रूपकामुळेच तर हे शक्य झालं. वरच्या अर्थाला कुणीही हरकत घेऊ शकत नव्हतं, आणि खाली खेळ चालू होता. हरिनाम सप्ताहात भारुड रंगतं तेव्हा लोक सत्त्वगुणाच्या व्याख्येला हसत नाहीत. लुगडं नेसलेला, कमरेवर हात ठेवून सासूचं गाऱ्हाणं सांगणारा माणूस पाहून हसतात, आणि हसता हसता अर्थाशी येतात. शिवाय परमार्थ विंचवाच्या वेदनेतून, नवऱ्याच्या दारिद्र्यातून, भिक्षेकऱ्याच्या टाळातून सांगता येतो हे दाखवणं म्हणजेच तो सांगायला शास्त्री लागत नाही असं म्हणणं. हिंदू-तुर्क संवादात तर रूपकाचा पडदाही नाही. दोघे एकमेकांच्या धर्मातल्या विसंगती उघड उघड काढतात, तोल जाईपर्यंत भांडतात, आणि शेवटी समेटाला येतात.

दुसरा आक्षेप संस्कृतच्या अभ्यासकाचा. संस्कृतात उपहास नव्हता असं कसं म्हणता? काश्मीरच्या क्षेमेंद्राने अकराव्या शतकात ढोंगी गुरू, वैद्य, कायस्थ यांना सोलून काढलं. सतराव्या शतकात दक्षिणेत नीलकंठ दीक्षिताने कलिविडंबनात वादात जिंकण्याच्या पंडिती युक्त्या उघड्या पाडल्या. प्रहसनांची परंपराही आहे. सगळं मान्य. पण ही हशा-टाळी घरातली होती. ज्याला चिमटा बसायचा तोही त्याच ओसरीवर बसून दाद देऊ शकत होता. आणि मुद्दा केवळ आपल्याकडचा नाही. हुटेनचा स्वतःचा प्रवास पाहा. १५२० साली त्याने जर्मनमध्ये लिहायला घेतलं आणि कारण स्पष्ट सांगितलं: आतापर्यंत लॅटिनमध्ये लिहिलं, ते सगळ्यांना कळत नव्हतं, आता आपल्या देशाला देशाच्या भाषेत हाक घालतो. पोप दहाव्या लिओने १५१७च्या मार्चमध्ये पत्रांवर बंदी घातली होती, १५२० साली रोमने रॉइखलिनविरुद्ध निकाल दिला. हशा भरपूर झाला होता, शास्त्र्यांची अब्रू गेली होती, पण निकाल देणारे तेच राहिले होते. पाच वर्षांत हुटेन ज्या निष्कर्षाला आला त्यापासून आपल्या संतांनी दोन-अडीच शतकं आधीच सुरुवात केली होती.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे. मग तुमच्या मराठी हसण्याने काय बदललं? भारुडातला महार ब्राह्मणाला निरुत्तर करतो आणि भारुड संपल्यावर गावकुसाबाहेर जातो. शिवाय तो महार एकनाथांनी लिहिलेला. खुद्द चोखामेळ्याच्या अभंगांत हसणं फारसं नाहीच, तिथे दाराशी ताटकळल्याचं दुःख आहे, विटाळ कोणाला नाही हा सरळ सवाल आहे. ज्याला हाकललं त्याला सोंगाची चैन परवडत नव्हती, हे ओझं एकनाथांच्या मुखवट्यावर राहतंच. मी ते नाकारणार नाही. पण त्या हसण्याने एक गोष्ट झाली: शास्त्र्याचा वाद सर्वांदेखत, सर्वांना कळेल अशा भाषेत मांडायची वहिवाट पडली. या वहिवाटीवरून जोतीराव फुले आले, आणि त्यांनी रूपक काढून टाकलं. १८५५ साली लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ नाटकात जोशी आहे तो जोशीच आहे. आत्म्याचं वा देहाचं प्रतीक नाही. गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालून तो घरातली चीजवस्तू उपटतो, आणि विदूषक बाजूला उभा राहून प्रत्येक लबाडी लोकांना फोड करून सांगतो. विदूषक संस्कृत नाटकातला, पण इथे तो राजाच्या बाजूचा राहिलेला नाही.

हे नाटक फुल्यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं. पेशवाईत जी दक्षिणा संस्कृत जाणणाऱ्या ब्राह्मणांना वाटली जात असे, तिचाच काही पैसा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पुण्यातल्या सुधारक तरुणांच्या अर्जानंतर मराठी पुस्तकांसाठी वळवला गेला होता, आणि ही कमिटी त्यासाठी होती. म्हणजे भाषेचा मुद्दा कागदोपत्री जिंकून झाला होता. पैसा मराठीचा होता, नाटक मराठीत होतं, बोली कुणब्याच्या घरातली होती. कमिटीने ते नाकारलं, आणि फुल्यांच्या हयातीत ते छापून आलं नाही.